लोखंडी नांगर आणि टाकाची रेघ : शं. वा. किर्लोस्कर

वर्तमानपत्र हाती आले की आपल्यापैकी बरेच जण अग्रलेखाकडे वळण्याआधी व्यंगचित्र शोधतात. चार रेघा, एक मोठे नाक, एक फुगलेले पोट आणि खाली एखादी ओळ. तेवढ्यात दिवसभराच्या राजकारणाचा अर्थ कळून जातो. आर. के. लक्ष्मण, बाळ ठाकरे, वसंत सरवटे, शि. द. फडणीस ही नावे आपल्या परिचयाची आहेत. परंतु या सर्वांच्या कितीतरी आधी, मराठी मासिकात व्यंगचित्राला मानाची जागा नव्हती त्या काळात, एका मनुष्याने हातात टाक घेतला आणि आपल्याच समाजाची चित्रे काढायला सुरुवात केली. ते शंकर वासुदेव किर्लोस्कर. मराठी वाचक त्यांना 'शंवाकि' या सुटसुटीत नावाने ओळखत असे. मराठीतील आद्य व्यंगचित्रकार म्हणून त्यांचा उल्लेख होतो. ते संपादक होते, लेखक होते, जाहिरातीच्या शास्त्रात मुरलेले होते. आणि ही सगळी कामे त्यांनी कोणत्याही मोठ्या शहरात नव्हे, तर एका आडवळणाच्या रेल्वे स्टेशनाशेजारच्या माळावर बसून केली. त्यांच्या चरित्रातली हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

मी वसमत तालुक्यातील एका खेड्यातून एस. टी. ने महाविद्यालयात येते. आमच्याकडे लिहिणे, चित्र काढणे, मासिक काढणे ही पुण्या-मुंबईची कामे, असा एक समज घट्ट बसलेला आहे. चांगले पुस्तक हवे तर नांदेड-औरंगाबादला जावे, आणि लेखक पाहायचा तर त्याहूनही पुढे! हा समज कितपत खरा आहे, ते तपासून पाहण्यासाठी शंवाकिंचे जीवन फार उपयोगी पडते.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूरला झाला. वडील वासुदेवराव हे तेथील नावाजलेले डॉक्टर. वासुदेवरावांचे धाकटे बंधू म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर, पुढे ज्यांनी महाराष्ट्रात यंत्रोद्योगाचा पाया घातला ते. या लक्ष्मणरावांचीही मूळ ओढ चित्रकलेकडेच होती. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. पण डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही असे ध्यानात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे मोर्चा वळवला. काकांचे अर्धे राहिलेले स्वप्न जणू पुतण्याच्या वाट्याला आले. शंकररावांनी चित्रकला मनापासून शिकायचे ठरवले, आणि त्यासाठी ते थेट लाहोरला पोहोचले.

लाहोर का? कारण तेथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा स्टुडिओ होता. वेदांचे भाष्यकार म्हणून पंडितजी आज प्रसिद्ध आहेत, पण त्यांचा चरितार्थाचा व्यवसाय होता व्यक्तिचित्रे रंगवण्याचा. आपल्या भागाशीही त्यांचा एक धागा जुळतो. लाहोरला जाण्यापूर्वी ते काही वर्षे हैदराबादला होते आणि तेथील विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला होता. त्याच संस्थेच्या मागे उभे राहिलेले न्यायमूर्ती केशवराव कोरटकर हे आपल्याच भागातील पुरजळचे. निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणासाठी खटपट करणाऱ्या मंडळींत वावरलेला हा चित्रकार शंकररावांना गुरू म्हणून लाभला. अशा गुरूकडे शिकणारा विद्यार्थी केवळ सुंदर चेहरे रंगवून समाधान मानणार नव्हता, हे उघड आहे.

शिक्षण संपल्यावर शंकरराव काकांच्या कारखान्यात आले. येथे या कारखान्याची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण शंवाकिंच्या व्यंगचित्राचे मूळ मला तेथे सापडते.

लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास बेळगावला लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण तो कोणी घेईना. लोखंड जमिनीत शिरले की जमीन नासते, तिला विष चढते, असे शेतकरी म्हणत. लाकडी नांगराने बापजाद्यांचे भागले, मग हे नवे खूळ कशाला? नांगर घडवण्यापेक्षा तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणे कठीण होऊन बसले. पुढे बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. (हे औंध म्हणजे आपले ज्योतिर्लिंगाचे औंढा नव्हे, ते सातारा भागातले छोटे संस्थान.) बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलांचे मोठे चाहते. त्यांनी कुंडल रोड या स्टेशनाजवळची जमीन कारखान्याला दिली. निवडुंग, साप आणि दगडगोटे यांखेरीज त्या माळावर काही नव्हते. १९१० मध्ये तेथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच किर्लोस्करवाडी. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा द्यायचा नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता.

या वाडीत शंकररावांकडे काम आले ते जाहिरातीचे आणि विक्रीचे. म्हणजे चित्रकाराच्या पदरी पडले शेतकऱ्याचे मन वळवणे! वरवर पाहता ही कलेची अधोगती वाटेल. आपल्यातले पुष्कळ हौशी कलावंत अशा वेळी नशिबाला बोल लावून मोकळे झाले असते. शंकररावांनी मात्र या कामातून एक मोठा धडा घेतला. माणूस नवी वस्तू नाकारतो, ती वस्तू वाईट असते म्हणून नव्हे. जुन्या वस्तूची त्याला भीतियुक्त सवय झालेली असते म्हणून. ती भीती घालवायची तर लांबलचक उपदेश कुचकामी ठरतो. त्याला दाखवावे लागते, आणि शक्य तर हसवावे लागते.

जानेवारी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. आरंभी त्याचे स्वरूप कारखान्याच्या पत्रकाचे होते : नांगर कसा वापरावा, कोणते यंत्र नवे आले, वाडीत काय चालले आहे. परदेशांतही असे घडत होते. अमेरिकेतील नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचे नियतकालिक चालवले होते. फरो म्हणजे नांगराने पडणारे तास. परंतु शंकररावांच्या हाती हे पत्रक फार काळ पत्रक राहिले नाही. नांगराबरोबर उद्योगाचा विचार आला, उद्योगाबरोबर स्वावलंबनाचा, आणि त्याच्या पाठोपाठ साहजिकच प्रश्न आला की, आपण मागे का? जमीन नासेल म्हणून नांगर नाकारणारा मनुष्य घरात आणखी काय काय नाकारतो? अशा रीतीने मासिकाचे तास शेतातून घरात वळले. पुढे नावातील 'खबर' गळून पडली आणि 'किर्लोस्कर' एवढेच नाव उरले. तोवर ते घरोघर वाचले जाणारे मासिक झाले होते. 'गोट्या' लिहिणारे ना. धों. ताम्हनकर यांच्यासारखे लेखक वाडीच्या परिवारात होते. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे रूढींवर प्रहार करणारे निबंध 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध होत आणि त्यांवर वादळे उठत.

याच मासिकातून शंवाकिंची व्यंगचित्रे येऊ लागली. 'टाकांच्या फेकी' हे त्यांनी आपल्या चित्रांना दिलेले नाव मोठे मार्मिक आहे. टाकाची फेक म्हणजे रेघेचा सरळ झटका; आणि फेकलेली वस्तू कोणाला तरी लागणार, हेही त्या नावातच आले.

आजच्या मोबाइलच्या दिवसांत त्या वेळचे छपाईचे तंत्र कोणास ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगते. तेव्हा मासिके खिळे जुळवून छापत. चित्र छापायचे तर त्याचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक करावा लागे. छायाचित्रासारख्या छटांच्या चित्राला बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक लागे. तो महाग पडे आणि साध्या खरबरीत कागदावर काळवंडून जाई. पण काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर काढलेल्या रेघेचे तसे नव्हते. चित्र मोठे काढायचे, त्याचा फोटो घेऊन ते लहान करायचे, जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, आणि रेघा सोडून बाकीचा भाग आम्लाने खाऊ द्यायचा. पत्रा लाकडावर ठोकला की तो खिळ्यांच्या उंचीला येई आणि मजकुराबरोबरच छापला जाई. म्हणून रेघ जितकी नेमकी, तितका छाप स्वच्छ. छटांचा आधार नाही, रंगांची मदत नाही. जे सांगायचे ते रेघेनेच सांगायचे. लाहोरला तैलचित्रांच्या वातावरणात शिकलेल्या चित्रकाराने स्वतःहून हे बंधन पत्करले, यातच त्याचा हेतू दिसून येतो. त्याला भिंतीवर टांगायचे चित्र काढायचे नव्हते. हजारो घरांत पोहोचणारे चित्र काढायचे होते.

आणि त्या चित्रांचा विषय कोणता? तेव्हाच्या जगात व्यंगचित्र म्हटले की राजकारण. योगायोग असा की, जगप्रसिद्ध व्यंगचित्रकार डेव्हिड लो हेही १८९१ सालीच जन्मले, न्यूझीलंडमध्ये. लंडनच्या वर्तमानपत्रात त्यांनी हिटलर आणि मुसोलिनीला असे काही रेखाटले की हुकूमशहांचा तिळपापड झाला. आपल्याकडे मुंबईच्या 'हिंदी पंच'ने इंग्रजी 'पंच'च्या धर्तीवर राजकीय चित्रे पूर्वीच रूढ केली होती. १९३२ पासून दिल्लीच्या 'हिंदुस्थान टाइम्स'मध्ये शंकर पिल्ले व्हाइसरॉयांना आणि पुढाऱ्यांना चिमटे काढू लागले. शंवाकिंनी मात्र आपला टाक प्रामुख्याने रोखला तो घरातल्या माणसावर. विधवेचे केशवपन, बालविवाह, जरठ-कुमारी विवाह, हुंडा, बुवाबाजी, सोवळे-ओवळे, जातीचा ताठा, कामाची लाज आणि नोकरीची हाव असलेला सुशिक्षित : ही त्यांची क्षेत्रे.

मला येथे एक विचार मांडावासा वाटतो. दूरच्या बादशहाची टिंगल करणे धोक्याचे असले तरी त्यात एक सोय असते. वाचक आपल्या बाजूला असतो. बादशहा चिडेल, वाचक टाळ्या वाजवील. पण वर्गणी भरणाऱ्या वाचकालाच चित्रात उभे करायचे, त्याच्या घरातला सोवळ्यातला म्हातारा, त्याच्या लग्नातला हुंडा, त्याच्या गुरुमहाराजांची तुंदिल मूर्ती त्याच्याच हातात ठेवायची, हे अधिक अवघड. येथे टाळ्या नाहीत, वर्गणी बंद होण्याचे भय आहे. त्यातून हे मासिक एका कारखान्याचे. ज्या समाजाला नांगर आणि यंत्रे विकायची, त्याच समाजाचा रोष ओढवून घेणे कोणत्या हिशेबी व्यापाऱ्याला परवडेल? सनातनी मंडळींचा रोष व्हायचा तो झालाच. तरी शंकररावांचा टाक थांबला नाही आणि लक्ष्मणरावांनी तो थांबवला नाही. काका-पुतण्यांच्या या जोडीचे मला फार कौतुक वाटते.

आणखी एक गोष्ट. केशवपनासारखी चाल मुख्यतः ब्राह्मण व पांढरपेशा घरांतली. शंकरराव त्याच घरांतले. म्हणजे त्यांनी पहिला दगड मारला तो स्वतःच्या अंगणात. दुसऱ्याच्या जातीची, दुसऱ्याच्या धर्माची थट्टा करून सुधारक म्हणवून घेणे सोपे असते. त्याने द्वेष वाढतो, सुधारणा होत नाही. आपल्या माणसांना हसण्याचा अधिकार आपलाच, हे ते जाणून असावेत. तसेच, विधवेच्या दुःखाचा विषय घेणाऱ्या चित्रकाराला एक काळजी घ्यावीच लागते : हसू तिच्यावर येता कामा नये, ज्यांनी तिला त्या दशेला आणले त्यांच्यावर आले पाहिजे. ही रेघ फार बारीक असते. ती चुकली की व्यंगचित्राचे कुचेष्टेत रूपांतर होते.

१९२९ मध्ये शारदा कायदा झाला. मुलीचे लग्नाचे वय किमान १४ आणि मुलाचे १८ ठरले. त्यावर देशभर केवढा गदारोळ! अशा वातावरणात, कायदा अमलात आल्यानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९३० मध्ये शंकररावांनी 'स्त्री' हे मासिक सुरू केले. स्त्रियांची मासिके त्याआधीही होती; परंतु स्वयंपाक, विणकाम आणि पतिसेवा यांपलीकडे स्त्रीला स्वतंत्र मन असते, तिला शिक्षण, नोकरी, मालमत्ता आणि नको असलेल्या नवऱ्यापासून सुटका यांविषयी बोलण्याचा हक्क आहे, हे 'स्त्री'ने वर्षानुवर्षे मांडले. तिकडे मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवीतच होते. त्यांचा मार्ग एकाकी, रोखठोक आणि खटल्यांचा. 'स्त्री'ने माजघराच्या दारातून आत शिरण्याचा मार्ग धरला. दोन्ही मार्गांची गरज होती. १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' निघाले. एका माळावरच्या छापखान्यातून तीन-तीन मासिके! स्टेशनावर गाडी थांबायची आणि मासिकांचे गठ्ठे महाराष्ट्रभर आणि बृहन्महाराष्ट्रातही जायचे.

त्या वेळी आपल्या मराठवाड्यावर निजामाची सत्ता होती. मराठी शाळा थोड्या, मराठी वर्तमानपत्रांवर करडी नजर. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेल्या 'मराठवाडा'ला बंदीला तोंड द्यावे लागले. अशा भागात बाहेरून येणाऱ्या मराठी मासिकाचे मोल काय असेल, याची कल्पना आज आपल्याला येणार नाही. माझी पणजी अक्षरओळख नसलेली होती. पण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चित्र वाचता येते! व्यंगचित्राची खरी ताकद येथेच आहे. जेथे लेख पोहोचत नाही तेथे रेघ पोहोचते.

उत्तरायुष्यात शंकरराव पुण्याला राहिले. मासिके तेथे आली, आणि त्यांचे पुत्र मुकुंदराव यांनी संपादनाची धुरा सांभाळली. शंकररावांनी आपले आत्मचरित्र लिहिले. 'शंवाकीय' या नावाने ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षात त्यांचे निधन झाले. पुढे मासिकांची मालकी बदलली, आणि 'किर्लोस्कर-स्त्री-मनोहर' यांचा तो भरभराटीचा काळ संपला. परंतु 'स्त्री'च्या संपादकवर्गात घडलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. म्हणजे तास पुढे चालूच राहिले.

शंवाकिंच्या कार्याला मर्यादा नव्हत्या असे मी म्हणणार नाही. त्यांचा वाचक मुख्यतः शिकलेला मध्यमवर्ग. शेतमजुराचे, गावकुसाबाहेरच्या माणसाचे जगणे त्या मासिकांच्या पानांत आतून उमटले असे म्हणता येत नाही. ते काम पुढे दलित साहित्याने केले, आणि ते ज्याचे त्यानेच करायचे होते. चित्रांचा एखाद्या रूढीवर नेमका किती परिणाम झाला, याचे मोजमापही कोणी करू शकणार नाही. केशवपन नाहीसे झाले ते शिक्षणामुळे, कायद्यामुळे, स्त्रियांच्या स्वतःच्या धैर्यामुळे, की चित्रांमुळे? सर्वांमुळेच. पण ज्या गोष्टीला मनुष्य एकदा हसला, तिला पुन्हा पूर्वीसारखा भिऊ शकत नाही. व्यंगचित्रकाराचे काम एवढेच, आणि ते थोडे नाही.

मित्रहो, हे सारे फार पूर्वीचे म्हणून बाजूला सारता येईल काय? आज मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १८ आहे. तरीही दहावीला माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण अकरावीला आली नाही. तिच्या हाती पुस्तकाऐवजी पाळणा आला. हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे; म्हणून तो आता 'मुलीच्या हौसेसाठी' दिला जातो. लग्नपत्रिकेत साधेपणा आणि मागच्या दाराने गाडी! बुवांच्या गाड्याही काही कमी झालेल्या नाहीत, उलट जास्त महाग झाल्या आहेत. विषय तेच आहेत, फक्त टाक हाती घेणारे थोडे झाले.

आम्ही काय करणार, आम्ही आडगावचे, असे म्हणण्यापूर्वी कुंडल रोडचा तो निवडुंगाचा माळ आठवावा. महाविद्यालयाचे भित्तिपत्रक कित्येक महिने तेच लागलेले असते, आणि या वार्षिकांकातही निसर्गचित्रे व थोर पुरुषांच्या पेन्सिल-चित्रांना तोटा नसतो. त्यांच्या शेजारी एक तरी चित्र आपल्या घरातल्या, आपल्या जातीतल्या, आपल्या मांडवातल्या माणसाचे यावे. त्यासाठी महाग कागद लागत नाही की रंग लागत नाहीत. काळी शाई पुरते. मात्र ती पाहून पहिल्यांदा आपल्याच घरचे रागावतील, याची तयारी ठेवावी लागेल. लोखंडी नांगरालाही लोक आधी नाहीच म्हणाले होते.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, कला (मराठी)